मालखान्यात बदललेली दुनळी

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. तेव्हा मी रोह्याला फौजदार होतो. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून घ्यायच्या आणि निकालानंतर परत द्यायच्या, हा नेहमीचा शिरस्ता. रोह्याशेजारच्या अष्टमी गावाच्या पुढे राहणाऱ्या एका वृद्ध मुसलमान शेतकऱ्याने आजोबांच्या वेळची विलायती दुनळी बंदूक जमा केली होती. परत न्यायला आला तेव्हा त्याने ती खांद्याला लावून पाहिली आणि टेबलावर ठेवली.

"साहेब, ही माजी नाय."

नोंदवही काढली. नंबर जुळत होता. मालखाना सांभाळणाऱ्या हवालदाराने मला बाजूला घेतलं. याच माणसाने मला पंचनामा लिहायला शिकवलं होतं. तो म्हणाला, जुन्या बंदुकांना मुंबईचे शौकीन वाटेल ते पैसे देतात. म्हाताऱ्याने खरी आधीच विकून आपल्याकडे नकली जमा केली असणार. मला ते लगेच पटलं. गणवेशातल्या माणसाचं आम्हाला लवकर पटतं.

म्हाताऱ्याच्या घराची झडती घेतली. त्याच्या बायकोच्या पेटीतले कपडेसुद्धा आम्ही अंगणात काढले. सापडलं काहीच नाही, तरी परवाना रद्द करण्याचा प्रस्ताव मी लिहायला घेतला.

सोबत जाणकाराचं मत जोडावं म्हणून बंदूक घेऊन पेणला एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्याने नळ्या सुट्या केल्या. अस्सल असेल तर नळ्या, चापाचा सांगाडा आणि पुढचं लाकूड या तिन्हींवर एकच नंबर असतो, असं त्याने दाखवलं. इथे नळ्यांवरचा नंबर ताजा ठोकलेला होता, बाकी दोन्ही जागा कोऱ्या. मग त्याने सहज विचारलं.

"महिन्यामागं तुमच्या हवालदारांनी किंमत करायला आणलेली ती कुठं हाय? तिचे तिन्ही नंबर जुळत व्हते. नळ्यांवर पोलादाची वळणं उमटलेली. तशी आता मिळत नाय."

महिन्यामागे म्हाताऱ्याची बंदूक आमच्या मालखान्यात कुलपात होती.

परतल्यावर हवालदाराला समोर बसवलं. बराच वेळ तो मलाच नियम सांगत राहिला. मग मी कारागिराचा जबाब वाचून दाखवला. शेवटी म्हणाला, "साहेब, तो तिच्यानं शेतातली डुकरं हाकायचा. त्याला काय तिची किंमत?"

खरी दुनळी मुंबईच्या एका शौकिनाकडून जप्त केली. हवालदारावर गुन्हा दाखल झाला. मालखान्याची तपासणी माझ्याकडे होती आणि नुसता नंबर वाचून मी सही करत आलो होतो, हेही मी अहवालात लिहिलं.

म्हाताऱ्याला बोलावून माफी मागितली. कोर्टाचा हुकूम झाला की बंदूक मिळेल म्हणालो. बंदुकीचं त्याने काही विचारलं नाही.

"झडती घेतलीत तवा सगळा मोहल्ला बघत व्हता. लोक मला लबाड म्हनतात. आता खरं काय ते पन तितंच येऊन सांगा."

येतो म्हणालो. गेलो नाही. बदलीचं निमित्त सांगून, तो निर्दोष असल्याचं शिक्का मारलेलं पत्र शिपायाच्या हाती पाठवलं. माणसाची अब्रू जिथे घेतली तिथे जाऊनच ती परत करायची असते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण झडतीला चार शिपाई घेऊन गेलो होतो, आणि आता एकट्याने जायचं होतं. ती हिंमत माझ्यात नव्हती.

वर्षभरात म्हातारा गेल्याचं कानावर आलं. ते पत्र त्याने कुणाला वाचून दाखवलं होतं का, हे विचारायलाही मी त्या गावात गेलो नाही.