आधी बंद, मग हात

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत मी नेमकं काय काम करते हे कोणालाच सांगता येत नसे, आणि त्यात मीही आले. आई ‘कॉम्प्युटरात आहे’ एवढं म्हणून विषय संपवायची. खरं तर काम साधं होतं. यंत्राचं माहितीपुस्तक लिहिणारा माणूस मजकुरात फक्त खुणा करतो: ही पायरी, ही धोक्याची सूचना, हे चित्र. त्या खुणांचं छापील पान कसं व्हायचं, काय ठळक, काय कुठे, हे दुसऱ्या एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिला स्टाईलशीट म्हणतात. ती तयार मिळते, पण तयार कोणालाच चालत नाही. मग मूळ फाइलला हात न लावता तिच्यावर आपली छोटी फाइल बसवायची आणि हवं तेवढंच बदलायचं. हे बदलणं म्हणजे माझी नोकरी.

ऑफिस दादरला, साड्यांच्या दुकानाच्या वर. मी सहा महिन्यांच्या करारावर होते. एक मोठं काम वेळेत पार पाडलं तर कायम करू, असं साहेब म्हणाले होते. ‘कायम’ हा शब्द आमच्या घरात जपून वापरत. बाबा गिरणीत साळखात्यात, म्हणजे मागांवर, कित्येक वर्षं बदली कामगार होते. रोज गेटवर उभं राहायचं, कोणी आला नसेल तर त्याच्या जागी आत जायचं. शेवटी ते कायम झाले, चाळभर पेढे वाटले, आणि वर्षाच्या आत संप झाला. तो संप मागे घेतल्याचं कोणी बाबांना येऊन सांगितलं नाही. त्यामुळे मी शाळा-कॉलेज संपवून नोकरीला लागले तरी बाबांच्या मते ते संपावरच होते.

ते मोठं काम निघालं पॉवरलूमचं. इंग्रजी, हिंदी आणि मराठी, तिन्ही भाषांत. संपाच्या काळात गिरण्यांचं कापड पॉवरलूमवर गेलं, हे आमच्याकडे जेवताना बोलायचं नसतं. मी घरी ‘मशीनचं पुस्तक आहे’ एवढंच सांगितलं.

साहेबांना पानावर जागोजागी लाल त्रिकोणातल्या सूचना आवडेनात. पान गजकर्ण झाल्यासारखं दिसतं, म्हणाले. मी माझ्या फाइलमध्ये अकरा ओळींचा एक नियम लिहिला: जिथे सूचना असेल तिथून ती उचल आणि प्रकरणाच्या शेवटी, चौकटीत, बाकीच्या सूचनांबरोबर ठेव. पानं देखणी झाली. ग्राहकाने इंग्रजी प्रत चाळून लगेच पसंती कळवली. मला त्या अकरा ओळींचा अभिमान वाटत होता.

गुरुवारी मराठी प्रत घरी आणली. फॉन्ट नवा होता, वेलांट्या भलत्या अक्षरावर जाऊन बसत होत्या, त्या तपासायच्या होत्या. घरात वेळ फक्त बाबांकडे. त्यांनी मुखपृष्ठावरचं यंत्र पाहिलं, ओळखलं, आणि पुस्तक खाली ठेवलं. चहा झाल्यावर पुन्हा उचललं. मागाबद्दल त्यांना बसून वाचता येत नसे, म्हणून उभे राहिले. मागांच्या आवाजाने त्यांचे कान गेले होते, त्यामुळे त्यांचं वाचन गॅलरीच्या टोकापर्यंत जायचं.

“पायरी चार. धोट्याच्या पेटीत हात घालून तुटलेला धागा काढा.” धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे सुसाट धावणारा लाकडी तुकडा. त्यांनी उजवा हात हवेतल्या पेटीत घातला. पाच, सहा, सात वाचून झाल्या, हात तिथेच. मग शेवटची चौकट आली. “सूचना. पायरी चारपूर्वी माग बंद करा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हात गेलो,” म्हणाले.

शेजारची काकू लाटणं घेऊन धावत आली. “कोणाचा?”

बाबांनी उजवा हात पाठीमागे नेला आणि पुढचं प्रकरण डाव्या हाताने उघडलं. तिसऱ्या प्रकरणात, दातेरी चाकांपाशी, डावाही पाठीमागे गेला. “ह्योय गेलो. पान उलट गो.”

मी उलटलं. मला हसू येत होतं. लिहिणाऱ्या माणसाने प्रत्येक सूचना पायरीच्या आधी, बरोबर जागी ठेवली होती. मूळ स्टाईलशीटही तिला तिथेच ठेवत होती. हात मी घालवले होते.

“ह्यां कोणी केलां?” बाबांनी विचारलं. मी सांगितलं. ते रागावले नाहीत. “आदी बंद, मगे हात,” एवढंच म्हणाले, आणि आईला चहाची बशी तोंडाला लावायला सांगितलं. आईने कपाळाला हात लावला, पण बशी धरली.

शुक्रवारी साहेबांना सांगितलं. “क्लायंटने अप्रूव्ह केलंय ना? मग कशाला उकरून काढतेस? ऑपरेटर काय पुस्तक वाचून हात घालतो?” मी म्हटलं, एक वाचतो. नियम काढला तर तिन्ही भाषांची पानं सरकणार, अनुक्रमणिका नव्याने, शनिवारची मुदत चुकणार. “चुकला तर तुझ्या कायमच्या लेटरचं मला सांगू नकोस,” साहेब म्हणाले.

मी नियम काढला. अकरा ओळी पुसल्या नाहीत, टिप्पणीच्या खुणेत बंद केल्या, आणि वर लिहिलं: ‘आधी बंद, मग हात. साळखातं.’ टिप्पणी कॉम्प्युटर वाचत नाही, छापलीही जात नाही. काम मंगळवारी गेलं. संध्याकाळी साहेबांनी करार सहा महिने वाढवल्याचा कागद दिला. करारच, कायम नाही.

पाच दिवस बाबांनी हात पाठीमागून काढले नव्हते. म्हणजे आई बघत नसताना काढत असणार, पण माझ्यासमोर नाही. रोज तिच्या हातून चहा, माझ्याकडून पेपराची पानं. आईचा संयम संपत आला होता.

त्या संध्याकाळी मी चपला काढतानाच म्हणाले, “बाबा, नाही झाले कायम. बदलीच.” वाईट वाटलं होतं, ते लपवलं नाही.

‘बदली’ या शब्दाचं वजन त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, “सूचना?”

“पायरीच्या आधी. सगळ्या.”

त्यांनी दोन्ही हात पुढे आणले, बोटं पसरून एकदा नीट पाहिली. “दहाय आसत,” म्हणाले, आणि आईच्या हातातली बशी स्वतः घेतली.