रुपराव परातेची नजर

रुपराव पराते तांडापेठेतला कोष्टी. बापाचा हातमाग भंगारात गेला तेव्हा त्यानं स्टिअरिंग धरलं, आणि कोराडीच्या वीजकेंद्रातल्या कामगारांची बस चालवता चालवता डोक्याचे केस पांढरे झाले. त्याच्या गाडीत डोळे मिटून बसावं, असं लोक म्हणायचे.

म्हणूनच बसच्या ठेकेदारानं नवी बस त्याच्याच हाती दिली. तिच्या समोरच्या काचेतच स्क्रीनसारखा पडदा होता, पण एरवी आरपार दिसायचं. स्टिअरिंगमागचा छोटा कॅमेरा ड्रायव्हरचे डोळे टिपायचा. काचेवर जिथं नजर ठरेल, तिथं नकाशा उमटायचा. हे यंत्र बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर अंकित म्हणाला, "काका, बटन दाबायची गरजच नाही. फक्त पाहायचं. नको असला की नजर हटवायची."

थोड्याच दिवसांत रुपराव त्याच्याकडे गेला. "साहेब, मी रस्त्याकडे टक लावून पाहतो, तं रस्त्यावरच नकाशा येते. बंद करून द्या ना हे."

"नवं सॉफ्टवेअर येऊन राहिलं, काका. तोवर सांभाळून घ्या."

रुपरावनं सांभाळून घेतलं. नोकरी होती.

मग एका सकाळी खापरखेड्याच्या रस्त्यावर त्याला एक म्हातारा सायकल धरून कडेला उभा दिसला. राखेच्या ट्रकवर मजुरी करणारा दादाजी. जाऊ की नको, अशा घालमेलीत होता. हा मध्येच घुसणार, हे रुपरावनं ओळखलं. पाय ब्रेकवर नेला, नजर म्हाताऱ्यावर रोखली, आणि नेमका तिथंच निळा नकाशा उघडला. नकाशा जावा म्हणून त्यानं डोळे बाजूला फिरवले. परत पाहून ब्रेक दाबला, तोवर सायकल बसखाली गेली होती. दादाजी जागीच गेला.

कंपनीनं पोलिसांना कॅमेऱ्यातलं दाखवलं. ड्रायव्हर जागा होता, नजर थेट सायकलवाल्यावर होती. यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं.

"डोये त्याच्यावरच होते," रुपराव म्हणाला, "पण दिसून राहिला होता नकाशा!"

काचेवर काय उमटलं होतं, ते मात्र कुणी साठवलेलंच नव्हतं.

रुपराव जामिनावर सुटल्यावर ठेकेदाराच्या वकिलानं त्याला समजावलं, "नकाशाचं काढू नका. म्हातारा अचानक आडवा आला, दिसलाच नाही, एवढंच सांगा." बायको कौसल्याही रडत म्हणाली, "जाणारा गेला. तुमी काहून जेलात जाता?"

रुपराव दादाजीच्या घरी गेला. दारात त्याची लेक दामिनी उभी होती. तिनं एकच विचारलं, "माया बाप दिसला होता का तुमाले?"

वकिलाचे शब्द जिभेवर आले होते. ते गिळून तो म्हणाला, "दिसला होता, बाई. दुरूनच दिसला होता." मग काचेचं, नकाशाचं, तक्रारीचं सगळं सांगितलं.

दामिनीनं ऐकून घेतलं. "एवढं समजत होतं, तं ते गाडी चालवलीच काहून?"

तिनं दार लावून घेतलं.

कोर्टातही त्यानं तेच सांगितलं. ठेकेदारानं वकील काढून घेतला. केस अजून चालू आहे, लायसन्स गेलं. रुपराव आता मनीषनगरात एका इमारतीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसतो.

परवा अंकितचा फोन आला. "काका, आता नकाशा काचेच्या खालच्या कोपऱ्यातच येते. तुमची तक्रार बरोबर होती."

बाहेर कुणाची तरी गाडी हॉर्न देत होती. रुपराव फोन ठेवून गेट उघडायला उठला.