तांदळावर पारखलेला चष्मा

माझे हात आता वाचनाला पुरत नाहीत. पेपर इतका लांब धरावा लागतो, की शेजारचे त्यांच्या गॅलरीतून तो वाचतात आणि मी पान लवकर उलटलं तर रागावतात. फुटपाथवरच्या स्वस्त चष्म्याने डोकं असं ठणकलं, की केस आतून गळाले. शेवटी रडकुंडीला येऊन चष्म्याचं मोठं दुकान गाठलं. तिथे मात्र प्रत्येक चष्म्यातून मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता घडाघडा वाचला, कारण इतक्या वर्षांच्या तपासण्यांत तो मला आरतीसारखा पाठ झालाय.

शेजारी एक मावशी होत्या. त्यांनी पदराच्या गाठीतले तांदूळ काउंटरवर पसरले आणि चष्मे बदलत त्या खडे वेचू लागल्या.

"मावशी, तक्ता वाचा की," दुकानदार म्हणाला.

"तक्ता काय शिजवायचाय मला?"

मीही मूठभर तांदूळ मागून घेतले. स्वस्त काचांतून सगळे तांदूळच दिसले. महागडा चष्मा लावला, तर खडेच खडे. म्हणजे गेली कित्येक वर्षं मी पुस्तकंही अशीच वाचली होती. जे दिसलं नाही ते मनाने घातलं आणि शाबासकी लेखकांना दिली.

"हाच द्या," मी म्हणालो. "पण उद्या यातूनही दिसेनासं झालं तर?"

दुकानदार चष्मा खोक्यात घालू लागला. मावशी म्हणाल्या, "बोटं आहेत की. खडा बोटाला कळतो."

घरी येऊन मी पुस्तक उघडलं, डोळे मिटले आणि ओळींवरून बोट फिरवलं. पान गुळगुळीत होतं; एकही अक्षर बोटाला कळलं नाही.