चौथीच्या वर्गाचा रेडिओ

सहदेव गुरुजींना माणसं ओळखता येत नव्हती, हे मी आजही रागानेच लिहिते आहे. मेहकरहून डोणगावला जाताना लागणाऱ्या आमच्या गावात ते चौथीला आणि पुढे पाचवीलाही शिकवत. साल असेल सहासष्टचं. आदल्या पावसाळ्यात आम्ही पोरापोरींनी लिंबोळ्या वेचून विकल्या, गुरुजींनी पदरची भर घातली आणि वर्गासाठी एक जुना रेडिओ आणला.

दुपारी शाळांसाठी कार्यक्रम लागे. तो ऐकून झाला की आमचे प्रश्न गुरुजी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर सुलतानपूरच्या शाळेत धाडत. तिकडची पोरं उत्तरं पाठवत, आपले प्रश्न धाडत, वर आमच्या चुकाही काढत. कधी न पाहिलेल्या त्या पोरांची जिरवायची म्हणून आम्ही अभ्यासाला लागलो. शालूला तर घरचे शाळेतून काढणार होते. रेडिओपायी ती हट्ट धरून टिकली.

"पुढल्या वर्षीबी रेडिओ राहीन न, गुरुजी?" तिनं विचारलं. गुरुजींनी शब्द दिला.

तेव्हा रेडिओला पोस्टातून लायसन काढावं लागे. आपली बदली झाली तरी रेडिओ गावातच राहावा, म्हणून गुरुजींनी ते सरपंच किसनरावांच्या नावावर काढलं. दोघे एका ताटात जेवणारे. शाळेला धड कुलूप नव्हतं, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत रेडिओही किसनरावांच्याच घरी ठेवला.

वैशाखात किसनरावांच्या मुलीचं लग्न निघालं. आहेर पुकारायला नेहमीप्रमाणे गुरुजीच उभे राहिले. तसा खडा आवाज गावात दुसरा नव्हता. भांडी झाली, लुगडी झाली. मग टॉवेलाखालून रेडिओ निघाला. घासूनपुसून चकचकीत केलेला, पण तुटलेल्या बटणाच्या जागी आम्ही बसवलेलं दोऱ्याचं रीळ तसंच होतं. मांडवात बसलेल्या आम्हा पोरांना ते लगेच दिसलं.

"किसनराव, हा पोरांचा आहे," गुरुजी हळूच म्हणाले.

"लायसन माह्या नावावर हाये न. जावयाले कबूल करून बसलो. पोराईले दुसरा आणू. पुकारा तुमी."

गुरुजी मांडवाकडे वळले. मग त्यांनी खणखणीत पुकारलं, "जावईबापूंना रेडिओ! चौथीच्या वर्गाकडून!"

त्यांना वाटलं असेल, मांडव चपापेल, कोणी तरी उठून विचारेल. टाळ्या पडल्या. किसनराव आमच्याकडे वळले आणि त्यांनी हात जोडले.

"पोराईनं केवढं मन केलं पाहा," ते पाहुण्यांना म्हणाले. जावयानं रीळ फिरवून गाणं लावलं.

मला रडू आलं नाही, संताप आला. किसनरावांचा आला आणि, खोटं कशाला बोलू, गुरुजींचाही आला. आमच्या नावानं आमचीच वस्तू त्यांनी देऊन टाकली होती.

गुरुजी पंगतीला बसले नाहीत. मांडवाच्या कडेला ते चपला शोधत होते, तिथे शालू त्यांच्यापाशी गेली.

"आमी कवा देल्ला, गुरुजी?"

ते तिच्याकडे न पाहता निघून गेले.

जूनमध्ये शाळा उघडली, दुसरा रेडिओ काही आला नव्हता. सुलतानपूरच्या पोरांचे प्रश्न आले. शालू आली नाही.