थेंबताईंची चाळीस मिनिटं

कुकरची दुसरी शिट्टी झालेली, आमच्या ह्यांचा एक मोजा नेहमीप्रमाणे बेपत्ता, आणि तेवढ्यात दारावर काठीची टकटक. समोरच्या थेंबताई.

एकतीस वर्षं इस्पितळाच्या रक्तपेढीत काढून त्या गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. मजल्यावरच्या मुलांनी ठेवलेलं हे नाव त्यांनी मोठ्या हौसेनं मिरवलं. उद्या त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन होतं आणि सोबतीला मी जाणार होते.

"बस जरा," माझ्याच घरात त्यांनी मला फर्मावलं. "फार रक्त गेलं की दुसरं रक्त मिळेपर्यंत एक बाटली लावतात. रक्त नव्हे, नुसता भराव."

"किती वेळ टिकतो हो तो अंगात?"

"साधं सलाईन तासाभरात नसांतून पसार. जिलेटिनचं दोन-चार तास. साखरेपासून बनवलेलं डेक्स्ट्रान मात्र माझ्या नणंदेसारखं. घटकाभर म्हणून येतं आणि दिवसभर हलत नाही."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांच्याकडे एका बाळंतिणीचं रक्त जुळवायला आलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी ताटल्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या. ताईंनी तीन पिशव्या 'जुळत नाही' म्हणून बाजूला सारल्या. मग वरिष्ठ बाई आल्या. "नमुना बाटली लावल्यावर घेतलाय ना गं?" एवढंच त्यांनी विचारलं आणि त्याच पेशी सलाईनमध्ये धुऊन पाहिल्या. चवडी सुटल्या; बाटलीतल्या डेक्स्ट्राननं पेशी नुसत्याच चिकटल्या होत्या. पहिलीच पिशवी जुळत होती.

"चाळीस मिनिटं गेली माझ्यापायी. वाचली ती. पण तेवढा वेळ तिचा नवरा खिडकीशी उभा होता, आणि मी त्याला दर वेळी 'थांबा' म्हणत होते."

त्या काठीची मूठ पदरानं पुसत राहिल्या.

"पण ताई, तुमचं रक्त तर लगेच जुळेल ना?"

"बाळंतपणात मला रक्त चढवलं होतं. तेव्हापासून माझं सहजासहजी कुणाशी जुळत नाही. स्वभावासारखंच! त्यात उद्याच्या त्या दवाखान्यात रक्त बाहेरून आणतात. 'लागलं तर बघू' म्हणाले. बाटली कोणती लावतील, मला कुठे ठाऊक? मी तेव्हा गुंगीत असणार."

"मग मी काय करू?"

"डॉक्टरांशी वाद घालू नकोस. एवढंच सांग, बाटली लावायच्या आधी ताईंच्या रक्ताचा नमुना घेऊन ठेवा."