हात लावा की कुणीतरी!

बहात्तरच्या दुष्काळात तुळजापूरकडच्या एका सोसायटीत मी कारकून होतो. रानात काही पिकलंच न्हाय, मग सोसायटीच्या लॉरीला काम काय? तिच्यावर पाण्याची टाकी चढवली. ड्रायव्हर महेबूबचाचा होतेच. "पाणी वाटेत कुठं जातं ते बघ," म्हणून चेअरमननी मला त्यांच्या शेजारी बसवलं. टाकी रोज रिकामी व्हायची, पण किस्से साचत गेले. अजून कुणी चहाला आलं की एखादा निघतोच.

*

अणदूरच्या पुढं कोरड्या नदीत लॉरी रुतली. काठावर लिंबाखाली माणसं बसलेली. पाणी त्यांच्याच गावाचं! मी ओरडलो, "अहो, जरा हात लावा की कुणीतरी!"

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. एकजण शेजारच्याला म्हणाला, "व्हय, लावाय पायजे कुणीतरी." आणि बसूनच राहिला.

चाचा खाली उतरले. बिडी पेटवली. समोरच्या एकाला विचारलं, "पाव्हणं, नाव काय तुमचं?"

"दगडू."

"दगडूराव, हे उजवं चाक तुमचं."

दगडू धोतर खोचून उठला. त्याच्या मागं बाकीचे आपसूक आले. बिडी संपायच्या आत लॉरी बाहेर!

"गाव कधी ढकलत नसतं," चाचा मला म्हणाले. "दगडू ढकलतो."

*

हा मंतर मी लगेच दुसऱ्या गावात वापरला. तिथं चाक चारीत गेलं होतं. गर्दीत शाळेचे गुरुजी दिसले. म्हटलं, "गुरुजी, तुम्ही पुढं या!"

गुरुजी आले. पण चाकाला हात लावायचा सोडून दगडावर चढले आणि श्रमदानाचं महत्त्व सांगायला लागले. लोकांनी भाषण टळावं म्हणून लॉरी ढकलली! आम्ही वळणावर पोचलो तरी गुरुजींचा हात वरच होता.

*

थोडे दिवस गाडी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडं दिली होती. तिथल्या एका गावात बाबूराव म्हणून पुढारी. एरवी सावलीत पान लावत बसायचा. पण लांब रस्त्यावर धूळ दिसली की उठलाच! धूळ म्हणजे जीप, जीप म्हणजे साहेब. पळत येऊन आमच्या हातातला पाइप घ्यायचा. "सोडा, सोडा! जनतेची सेवा हाय!"

एकदा अशीच धूळ उठली. बाबूरावनं पाइप धरला. धूळ जवळ आली, तर मेंढरं!

आता सगळ्या बायांसमोर पाइप खाली ठेवायचा कसा? टाकी रिकामी होईस्तोवर गडी धरून उभा. धोतर सगळं ओलं. मेंढपाळ जाताना म्हणाला, "लई चांगला माणूस दिसतोय."

*

लॉरीत कुणाला घ्यायचं न्हाय, हा चाचांचा कायदा. एका म्हाताऱ्यानं उन्हात हात केला. चाचांनी शिवी हासडली आणि गाडी पुढं काढली. थोडं पुढं जाऊन थांबले आणि उलटी गाडी मागं आणली. म्हाताऱ्याला वर घेतलं.

"चाचा, आता कायदा कुठं गेला?"

"हात करत होता तवर राग येत होता रे. आरशात बघितलं, तर त्यानं हात खाली घेतला होता."

*

आता कोंडाबाईचं सांगतो. ज्या गावाला आमची रोजची खेप होती, तिथल्या बौद्धवाड्यातली ही बाई. जिभेला धार. टाकीतलं सगळं पाणी गावच्या विहिरीत सोडायचं, परस्पर कुणाच्या भांड्यात द्यायचं न्हाय, असा सरपंचाचा हुकूम. आणि बौद्धवाड्यानं त्या विहिरीचा दोर शिवायचा न्हाय, असा गावाचा. दुसऱ्या कुणी आपलं पाणी शेंदून वरनं वाढलं, तर कोंडाबाईला मिळायचं. घरी तापानं फणफणलेलं लेकरू, आणि ही दोन घागरी घेऊन लांब बसलेली.

"वाढा की गं बायांनो!"

"वाढती की! जरा थांब. मागनं येती ती वाढंल."

मागची म्हणायची, पुढचीनं वाढलं असंल. बऱ्याचदा कोंडाबाई रिकाम्या घागरी घेऊन परत जायची. बघवत नव्हतं.

मी चाचांना म्हटलं, तुमचा मंतर लावा की. त्यांनी एकीला नावानं हाक मारली, "शांताबाई, कोंडाबाईला तुम्ही वाढा." शांताबाईनं मुकाट्यानं वाढलं. दुसऱ्या दिवसापासनं शांताबाई टँकर जायच्या आत विहिरीकडं फिरकेचना!

चाचा म्हणाले, "नाव घेतलं की माणूस उठतो. पण कधी कधी उठून घरी जातो."

*

त्याच विहिरीच्या काठावर सरपंचाची आई, अनुसयाआजी, राखणीला बसायच्या. दोराला कोण शिवतंय, यावर सगळी नजर. एक दिवस टाकी विहिरीत रिकामी झाली, बायांची झुंबड उडाली, आणि त्या चेंगराचेंगरीत आजींची नात आत पडली.

एकच कालवा! "दोर आणा!" "पवणारा बोलवा!" "अरं, कुणीतरी उतरा!" गडीमाणसं काठावर वाकून ओरडत होती. आजी नुसत्याच ऊर बडवत होत्या. चाचा लॉरीतनं उडी मारून पळत निघाले.

ते पोचायच्या आत कोंडाबाईनं लुगड्याचा काचा मारला आणि दगडांच्या खोबणीत पाय रोवत खाली उतरली. पाणी तिच्या छातीला लागलं. तिनं बुडी मारून पोरीला वर काढलं, खांद्यावर टाकलं. वरनं दोराला टोपलं बांधून सोडलं, त्यात बसवून पोरीला वर घेतलं. पोरगी खोकली, पाणी ओकली, आणि जी रडायला लागली म्हणता! सगळं गाव तिच्याभोवती. माझ्या जिवात जीव आला.

मग हळूहळू एकेकाच्या ध्यानात आलं. कोंडाबाई अजून खालीच होती, गावाच्या पाण्यात.

तिनं वर बघितलं. "आता उतरलीच हाय, तर माझ्या घागरी सोडा खाली. भरून घेती."

कुणी हलेना. सगळ्यांनी आजींकडं बघितलं. आजी उठल्या. लांब ठेवलेल्या कोंडाबाईच्या घागरी स्वतःच्या हातानं उचलून आणल्या. एकेक दोराला बांधून खाली सोडली. दोन्ही भरून वर आल्या.

मग त्यांनी आपली घागर फासात अडकवली आणि विहिरीत वाकून म्हणाल्या, "बाई, वर यायच्या आधी माझी बी तेवढी भर."