बाईंनी बांधलेली गाठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. मुलींच्या शाळेतली कोकरं मी सोडली होती.

पोलीस अ‍ॅक्शननंतरचा हिवाळा होता. फुलंब्रीकडच्या आमच्या गावात एक विधवा बाई राहायला आल्या. निजामाच्या अमलात, घरात पोथी चालते असं सांगून, त्यांनी औरंगाबादेत मुलींना मराठी शिकवलं होतं. चौकशीला अंमलदार आला की मुली खरंच पोथी वाचायला लागायच्या.

"आता लपून नाही," म्हणाल्या, आणि मारुतीच्या देवळामागं उघड्यावर शाळा मांडली. मेंढपाळांच्या पोरी मात्र येईनात. आया मेंढरांमागं रानात गेल्या की कोकरं पोरींनीच सांभाळायची. बाई म्हणाल्या, "मग कोकरं घेऊन या." देवळामागं वाघर लागली, म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. आत कोकरं, बाहेर पोरी. माझी नवी नवरीही डोईवरचा पदर सावरत त्यांच्यात जाऊन बसू लागली.

पारावर मला विचारायचे, "काय दादा, वहिनी साळंला, मग भाकरी कोण थापतंय? तुम्ही व्हय?"

मी हसायचो. एका दुपारी ते हसू पुरेना. पोरी पाठमोऱ्या पाढे म्हणत होत्या. मी वाघरीची गाठ सोडली आणि निघून आलो.

कोकरं थेट पाटलांच्या हरभऱ्यात. पाटील तणतणत आले, गाव गोळा झालं, मीही परत येऊन त्या गर्दीत उभा राहिलो. पाटील म्हणाले, "बाई, लई झालं. साळा बंद."

"गाठ मी बांधली होती," बाई म्हणाल्या. "सैल राहिली असेल. पोरींना कुणी बोलायचं नाही."

शाळा उठली.

पण सुगी झाली की रिकाम्या रानात मेंढरं बसवायची आमच्याकडे रीत. लेंडीखत पडल्याशिवाय जमिनीला कस येत नाही. पाटील बोलावणं घेऊन गेले, तेव्हा मेंढपाळांची म्हातारी म्हणाली, "बसवू की. पर जिथं मेंढरं, तिथं बाईची साळा. आन् रान ज्याचं, त्याची पोरगी बी साळंत."

"हे कवा ठरलं?"

"आत्ताच. नाय तर मेंढरं चालली पैठणच्या वाटंला."

पाटलांची लेक पहिली बसली. मग शाळा मेंढरांमागं रानोरान फिरली, आणि ज्याच्या रानात उतरली त्याची लेक तिच्यात आली. पावसाळ्याच्या तोंडावर पाटलांनीच गावठाणातली जागा दिली. म्हणाले, "भिजतील की पोरी."

आज तिथं पक्की इमारत आहे आणि माझी बायको मुख्याध्यापिका. दरवर्षी संमेलनात ती सांगते, बाईंची एक गाठ सैल राहिली म्हणून शाळा गावभर झाली. मुली टाळ्या वाजवतात. मीही वाजवतो.

बाई गेल्या, त्यांची माफी मागायची राहूनच गेली. गाठ पक्की होती, ती मी सोडली, हे आधी बायकोला आणि मग त्या मुलींसमोर उभं राहून सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.